पार्श्वभूमी : टालिनचा ब्राँझचा सैनिक

दुसऱ्या महायुद्धात एस्टोनियावर आधी सोव्हिएत संघाने (1940), मग नाझी जर्मनीने (1941) आणि 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत संघाने ताबा मिळवला, याबद्दल वाद नाही. खरा गुंता आहे तो ‘मुक्तिदाते’ या शब्दाचा.

एस्टोनियाची राजधानी टालिनमधल्या तोनिस्मागी या टेकडीवर एप्रिल 1945 मध्ये लाल सैन्याच्या, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या, सैनिकांना सामूहिक कबरीत पुरलं गेलं. त्यावरचं सुरुवातीचं लाकडी स्मारक मे 1946 मध्ये दोन शाळकरी मुलींनी उडवून दिलं. दोघींची रवानगी श्रमछावणीत झाली. त्या जागी 22 सप्टेंबर 1947 रोजी पुतळा उभा राहिला : मान खाली घातलेला, शिरस्त्राण हातात घेतलेला सैनिक. त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा आव नाही, नुसतं दुःख आहे. नाव मात्र ‘टालिनच्या मुक्तिदात्यांचं स्मारक’. 22 सप्टेंबर 1944 ला लाल सैन्य शहरात शिरलं, पण तोवर जर्मन फौजा बाहेर पडल्या होत्या आणि किल्ल्याच्या बुरुजावर निळा-काळा-पांढरा एस्टोनियन ध्वज फडकत होता. तो उतरवून लाल ध्वज चढला. मार्च 1949 मध्ये सोव्हिएत सत्तेने एस्टोनियातल्या वीस हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केलं. त्यांच्या घरच्यांना ‘मुक्ती’ हा शब्द कसा पचावा? उलट, ज्या रशियन भाषक कुटुंबांतले पुरुष नाझींशी लढताना पडले, त्यांच्यासाठी 9 मे, म्हणजे नाझी जर्मनीवरचा विजयदिन, आणि हा पुतळा वेगळा करणं अशक्य.

1991 मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाल्यानंतर स्मारकापुढची अखंड ज्योत विझली, पाटीवरून ‘मुक्तिदाते’ गेले आणि महायुद्धात पडलेल्या सगळ्यांचा उल्लेख आला. तेवढ्यावर वाद थांबू शकला असता. पण 2007 च्या जानेवारीत युद्धकबरींच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि कबरी आणि पुतळा हलवण्यासाठी, रहदारीचा चौक मृतांना शोभत नाही, असं कारण पुढे आलं. कारण पटण्यासारखं होतं, पण अंमल घाईचा झाला. 26 एप्रिलला उत्खननासाठी जागेवर तंबू ठोकला गेला, रात्री दंगल उसळली, त्याच रात्री पुतळा हलवला गेला. एकाचा जीव गेला. पुढचे काही आठवडे सरकारी संकेतस्थळं, बँका आणि वृत्तपत्रांवर सायबर हल्ले होत राहिले.

पुतळा 30 एप्रिलपर्यंत लष्करी दफनभूमीत पुन्हा उभा राहिला. इकडे जुन्या जागेच्या उत्खननात 12 जणांचे अवशेष मिळाले. जुन्या नोंदींत 13 नावं होती. त्यांत वैद्यकीय पथकातली एक स्त्रीही होती. काहींचे अवशेष नातेवाइकांनी नेले, उरलेल्यांचं जुलैमध्ये पुतळ्याजवळ पुन्हा दफन झालं. 9 मे रोजी आता फुलं तिथे वाहिली जातात.