प्राणिदंशोत्तर चिंता : परदेशातील प्रवाशांमधील

परदेशात कुत्रा, मांजर, माकड किंवा वटवाघूळ चावल्यावर वा त्याने ओरबाडल्यावर प्रवाशाच्या मनात घर करणारी, जखम भरून आल्यावरही अनेकदा न ओसरणारी भीती. धनुर्वात, जखम चिघळणे, माकडाच्या चाव्यातून क्वचित होणारा हर्पीस बी विषाणूचा संसर्ग यांचीही धास्ती असते. पण झोप उडवतो तो रेबीजच.

ही भीती निराधार नाही. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. तो १५० हून अधिक देशांत आढळतो आणि दरवर्षी अंदाजे ५९,००० बळी घेतो. माणसांना तो प्रामुख्याने कुत्र्यांपासून होतो. मात्र लक्षणांपूर्वी योग्य उपचार पूर्ण झाले, तर तो जवळपास खात्रीने टळतो.

खरी अडचण अनिश्चिततेची. विषाणू शरीरात शिरला की नाही, हे लक्षणांआधी सांगणारी चाचणी नाही. लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांत दिसतात; पण हा काळ आठवड्याइतका कमी किंवा वर्षाइतका लांबही असू शकतो. त्यामुळे माणूस स्वतःच्या शरीरावर पहारा देत बसतो. जखमेच्या जागी मुंग्या येणे हे रेबीजचे आरंभीचे एक लक्षण, आणि भरून येणाऱ्या साध्या जखमेतही मुंग्या येतात. लशीने अंग कसकसते, डोके दुखते. घसा आवळल्यासारखा वाटणे, घोट गिळताना अडखळणे हे तर निव्वळ चिंतेनेही होते. भीती रोगाचे सोंग इतके हुबेहूब वठवते की, रेबीजमध्ये पाण्याची भीती वाटते म्हणून, पाण्याचा पेला हाती घेऊन स्वतःची परीक्षा पाहणारे निघतात.

परक्या देशात यात भर पडते. चावलेल्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवता येते. तो प्राणी तेवढे दिवस धडधाकट राहिला, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे धरतात. पण प्रवाशाचे विमान आधीच सुटलेले असते, किंवा कुत्रा गल्लीत पसार झालेला असतो. कातडी फाटली असेल आणि पूर्वी लस घेतलेली नसेल, तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडे असलेले औषध, टोचावे लागते. ते अनेक ठिकाणी मिळत नाही. पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की ते देत नाहीत. एका देशात लस कातडीत, दुसऱ्यात स्नायूत, कंपनीही वेगळी, म्हणून ‘कोर्स बिघडला का?’ ही शंका हमखास येते. सहसा बिघडत नाही. एखादा डोस लांबला तरी उरलेले पुढे चालू ठेवतात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत नाहीत.

साबण-पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवायला आणि दवाखाना गाठायला लावते, तोवर ही भीती कामाची असते. उपचार पूर्ण झाल्यावर ती निव्वळ ओझे. ‘काही होत नाही’ एवढ्या आश्वासनाने ती हटत नाही. उलट तोच प्रश्न पुन्हा विचारून, इंटरनेटवर शोधून मिळणारा दिलासा तासाभरात विरतो आणि खात्री करून घेण्याची सवय तेवढी बळावते. दंशाचा प्रकार, लशीचे नाव, डोसच्या तारखा यांची लेखी नोंद आणि एकाच डॉक्टरांनी दिलेले स्पष्ट उत्तर अधिक उपयोगी पडते. चिंता महिनोन्‌महिने टिकली, तर बोधात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे विचारांची आणि वागण्याची घडी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, मदत घेता येते. प्रवासापूर्वी लस घेतलेल्यांना दंशानंतर थोडेच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. साहजिकच त्यांची धावाधाव पुष्कळ कमी होते.

उलट टोकाची माणसेही असतात. माकडाला खाऊ घालताना चावा बसला, हे सांगायची लाज वाटते. मुले रागावणीच्या भीतीने ओरखडा लपवतात. अशांना बरेच दिवस उलटल्यावरही, लक्षणे नसतील तर, लस सुरू करतात.