प्रोसेको

प्रोसेको : इटलीच्या ईशान्येला व्हेनेतो आणि फ्रिउली-व्हेनेत्सिया जुलिया या प्रदेशांतील नऊ जिल्ह्यांत, मुख्यतः ग्लेरा या पांढऱ्या द्राक्षापासून होणारी फसफसणारी वाइन. नाव त्रिएस्ते शहराजवळच्या प्रोसेको गावाचे आहे, पण नावाजलेला माल येतो तो व्हेनिसच्या उत्तरेकडील कोनेल्यानो ते वाल्दोब्ब्यादेने या टेकड्यांमधून. गवताने बांधलेल्या अरुंद पायऱ्यांवर इथे वेली लावतात. उतार इतका उभा, की तोडणी हातानेच करावी लागते. २०१९ मध्ये युनेस्कोने या टेकड्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातही कार्तित्से हा सुमारे १०७ हेक्टरांचा तुकडा सर्वांत महागडा.

२००९ पर्यंत द्राक्षालाही प्रोसेकोच म्हणत. द्राक्षाचे नाव कोणालाही वापरता येते, गावाचे येत नाही. म्हणून त्या वर्षी द्राक्षाला त्याचे जुने नाव ‘ग्लेरा’ देऊन ‘प्रोसेको’ हे फक्त स्थळनाम म्हणून राखून ठेवले गेले. ऑस्ट्रेलियातल्या किंग व्हॅलीचे बागायतदार मात्र आजही ते द्राक्षाचेच नाव मानतात आणि बाटलीवर लावतात. नियमाप्रमाणे वाइनमध्ये किमान ८५ टक्के ग्लेरा हवे. २०२० पासून गुलाबी प्रोसेकोलाही मान्यता आहे. तिच्यात १० ते १५ टक्के पिनो नेरो हे काळे द्राक्ष घालतात.

शँपेन बाटलीत दुसऱ्यांदा आंबते, प्रोसेको बहुतेक वेळा टाकीत. १८९५ मध्ये फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे फ्रान्सच्या यूजेन शार्मा यांनी ती सुधारली. आधी साधी, बुडबुडे नसलेली वाइन तयार करतात. मग ती दाब सोसणाऱ्या बंद पोलादी टाकीत भरून साखर आणि यीस्ट घालतात. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की एक बार (साधारण हवेच्या दाबाइतका) दाब तयार होतो. म्हणजे पाच बारसाठी २० ग्रॅमच्या आसपास साखर लागते. आंबताना निघणाऱ्या वायूला बाहेर जायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच मुरतो. किमान ३० दिवसांनी टाकी थंड करून यीस्ट थांबवतात, वाइन गाळतात आणि दाब न सोडता बाटल्या भरतात. ही पद्धत स्वस्त पडते हे खरे, पण कारण तेवढेच नाही. ग्लेराचा सगळा जीव त्याच्या वासात असतो : हिरवे सफरचंद, पेअर, पांढरी फुले. वर्षानुवर्षे यीस्टवर ठेवले तर तो वास पावाच्या वासाखाली दबून जातो. म्हणूनच प्रोसेको साठवून ‘मुरवण्यात’ अर्थ नाही. खरेदीपासून वर्षभरात संपवावी.

लेबलावरचे शब्द हमखास फसवतात. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रुट’पेक्षा गोड असते आणि ‘ड्राय’ त्याहूनही गोड. लिटरमागे ब्रुटमध्ये १२ ग्रॅमपर्यंत, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ आणि ड्रायमध्ये १७ ते ३२ ग्रॅम साखर असते. १२५ मिलीच्या ग्लासात ब्रुटची साखर जेमतेम दीड ग्रॅम भरते, ड्रायची मात्र चार ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. ‘स्पुमान्ते’ म्हणजे पूर्ण फेसाची. ‘फ्रित्सान्ते’ म्हणजे एक ते अडीच बार दाबाची, हलकी.

पिताना तापमान ६ ते ८ अंश सेल्सियस असावे. फ्रिजमध्ये तीन तास लागतात. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धे पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. अर्ध्या तासात काम होते. नुसता बर्फ घातला तर खड्यांमधल्या हवेमुळे उशीर लागतो. फ्रीझरमध्ये बाटली विसरली तर ती फुटू शकते.

बाटलीतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो, त्यामुळे तोंड माणसांकडे किंवा दिव्याकडे नको. तारेच्या जाळीचा पीळ साधारण सहा अर्धे फेरे फिरवून सैल करावा. तेव्हापासून अंगठा बुचावरून हलवू नये. बाटली ४५ अंशांत तिरकी धरून बूच घट्ट पकडावे आणि बाटली फिरवावी, बूच नव्हे. बूच वर येऊ लागले की त्याला उलट दाबून धरावे. ‘फुस्स’ असा हलका आवाज आला की जमले. वाइन उसळून सांडली तर समजावे, की बाटली कोमट होती किंवा वाटेत हिंदकळली होती.

‘फ्लूट’ हा लांब, अरुंद ग्लास दिसतो छान, पण त्यात नाक जात नाही. मध्ये फुगीर, वर निमुळता ग्लास बरा. ग्लास तिरका धरून दोन टप्प्यांत ओतावे. फेस लगेच मेला तर आधी ग्लासावर साबण राहिला आहे का ते पाहावे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा, उकडलेल्या कोबीचा आला तर बाटली उजेडात राहिल्याचा; दोन्हींवर उपाय नाही. उरलेली वाइन दाबाच्या खास झाकणाने बंद करून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवण्याचा काही उपयोग होत नाही.

व्हेनिसमध्ये ती छोट्या खाण्यांबरोबर, तळलेल्या मासळीबरोबर घेतात. त्याच न्यायाने रवा लावून तळलेल्या बोंबलाशी ब्रुट जमते. तिखट रश्श्याशी मात्र बुडबुडे जीभ अधिकच पोळवतात, तिथे एक्स्ट्रा ड्राय घ्यावी. प्रोसेकोची कॉकटेलेही होतात. स्प्रिट्झसाठी तीन भाग प्रोसेको, दोन भाग आपेरोल (नारिंगी रंगाचे कडसर इटालियन मद्य), एक भाग सोडा. बेलिनीत पांढऱ्या पीचचा गर एक भाग आणि प्रोसेको दोन भाग.

नाशिककडची फसफसणारी वाइन वेगळी : ती प्रामुख्याने शेनँ ब्लाँसारख्या द्राक्षांची आणि बाटलीत आंबवलेली असते. प्रोसेकोतही ‘कोल फोंदो’ हा जुना प्रकार बाटलीतच आंबतो. यीस्टचा गाळ तळाशी तसाच राहतो, वाइन गढूळ दिसते, आणि ती हलवून प्यावी की नितळ ओतावी यावर त्या टेकड्यांत आजही एकमत नाही.