मुंबईतील स्मृतिफलक

एखाद्या जागी घडलेली घटना, तिथे वावरलेली व्यक्ती किंवा वास्तूसाठी मिळालेली देणगी यांची नोंद म्हणून भिंतीत बसवलेली दगडी वा धातूची पाटी म्हणजे स्मृतिफलक. मुंबईत ही प्रथा इंग्रजी अमदानीत रुजली. फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रलच्या (१७१८) भिंती ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी व सैनिक यांच्या संगमरवरी स्मारकांनी भरलेल्या आहेत. पुढे शेटियांच्या, म्हणजे धनिक व्यापाऱ्यांच्या, दानधर्माने या प्रथेला देशी वळण दिले. प्रेमचंद रायचंद यांच्या दोन लाखांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या, १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरला त्यांच्या आईचे नाव आहे.

सर्वांत बोलका फलक मुंबई उच्च न्यायालयात आहे. लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला जुलै १९०८ मध्ये तेथील मध्यवर्ती दालनात चालला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि न्या. दिनशा दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. हेच दावर १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. ज्यूरीने काहीही ठरवले तरी आपण निर्दोष आहोत, माणसांचे व राष्ट्रांचे भवितव्य ठरवणाऱ्या शक्ती याहून श्रेष्ठ आहेत, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार संगमरवरावर कोरले असून १९५६ मध्ये तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याचे अनावरण केले. न्यायालयाने आपल्याच आवारात आरोपीचे म्हणणे कायमचे नोंदवून ठेवावे, असे सहसा घडत नाही.

फलकावरचा मजकूर मात्र तपासूनच घ्यावा. सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातील बंगल्यावर इंग्रज लेखक रडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये येथे जन्मल्याची पाटी आहे. जागा तीच असली तरी आजचा बंगला त्यानंतरचा आहे. गेटवे ऑफ इंडियावरील लेखात पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या २ डिसेंबर १९११ च्या आगमनाचा उल्लेख आहे, पण त्या दिवशी ही कमान नव्हतीच. तिची कोनशिला १९१३ मध्ये बसली व उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्थेच्या वास्तूत काँग्रेसचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ पासून ७२ प्रतिनिधींच्या उपस्थितीत भरले. खरे तर हा मान पुण्याला मिळायचा होता. तिथे पटकीची साथ आल्याने अधिवेशन ऐन वेळी मुंबईला हलवावे लागले.

नुसत्या फलकाने वास्तूला कायद्याचे संरक्षण मिळत नाही. त्यासाठी १९९५ च्या वारसा नियमावलीनुसार तिचा समावेश पहिल्या, दुसऱ्या वा तिसऱ्या श्रेणीत व्हावा लागतो. गिरगावातील ज्या कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, ते आता अस्तित्वात नाही.