लाल देऊळ (ओहेल डेव्हिड सिनेगॉग)

लाल देऊळ म्हणजे पुणे कॅम्पातलं, मोलेदिना रोडवरचं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. खरं नाव ओहेल डेव्हिड, हिब्रूत ओहेल म्हणजे तंबू, म्हणून ‘डेव्हिडचा तंबू’. पण रिक्षावाल्याला ओहेल डेव्हिड सांगून बघा, तो तुमच्याकडेच बघत बसेल, आणि लाल देऊळ म्हटलं की मीटर टाकतो. लाल विटांचं बांधकाम आणि साधारण ९० फुटी घड्याळाचा मनोरा, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला हे हमखास चर्चच वाटतं. मलाही लहानपणी कपडे खरेदीला कॅम्पात आलो की तेच वाटायचं.

बांधणारे डेव्हिड ससून. जन्म १७९२ चा, बगदादचा. तिथल्या त्रासाला कंटाळून इराणच्या बुशहरमार्गे १८३० च्या दशकात मुंबईत आले आणि कापूस नि अफूच्या व्यापारात अफाट पैसा केला. दानधर्माच्या पाट्यांवर अफूचा उल्लेख नसतो, पण चीनला जाणाऱ्या अफूतूनच बरीच कमाई झाली हे खरंय. त्यात १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच तेजीत १८६३ ला या देवळाचं काम सुरू झालं. गंमत म्हणजे ब्रिटिश नागरिक झालेल्या या माणसाला इंग्रजी धड येत नव्हतं, पोशाखही शेवटपर्यंत बगदादीच.

आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरचा. येरवड्याचं डेक्कन कॉलेज आणि आपलं ससून हॉस्पिटलही त्याचंच. देऊळ चर्चसारखं का दिसतं याचं उत्तर इथे आहे, साहेबाला गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चची शैली, येत होतं, त्याने गॉथिक दिलं, टोकदार कमानी आणि उंच निमुळता मनोरा. आत गेलं की मात्र सगळं बदलतं. बायकांना बसायला वर गॅलरी, मधोमध तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचायचा चौथरा, आणि तोराच्या गुंडाळ्या ठेवायची जागा पश्चिमेला, कारण आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला. बगदादी पद्धतीत या गुंडाळ्या कापडात न गुंडाळता नळकांड्यासारख्या टणक पेटीत उभ्या ठेवतात आणि उभ्याच वाचतात.

मनोऱ्यावरचं घड्याळ खास लंडनहून मागवलेलं. ससून घराण्याला टॉवरच्या घड्याळांचं वेडच असावं, भायखळ्याच्या राणीबागेतही डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. आणि तेव्हा असं घड्याळ म्हणजे नुसती शोभा नव्हती. सगळ्या देशाची एक वेळ १९०६ ला ठरली, त्याआधी प्रत्येक गावाची वेळ त्याच्या त्याच्या सूर्यावर. त्या हिशोबाने पुणे मुंबईच्या ४ मिनिटं पुढे, आणि आजच्या आपल्या घड्याळांच्या जवळपास ३५ मिनिटं मागे. मनगटी घड्याळ कोणाकडे नसायचं, मग रस्त्यावरच्या माणसाला मान वर करून वेळ बघता येणं ही मोठीच सोय.

देऊळ १८६७ ला पूर्ण झालं, ते बघायला ससून नव्हते. १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये ते पुण्यातच वारले. त्यांची समाधी याच आवारात आहे, देवळाच्याच गॉथिक घाटाची, वर हिब्रू लेख.

एक घोळ नेहमी होतो. पुण्यातले ज्यू म्हणजे सगळे बगदादी नव्हेत. मराठी बोलणारे, गावावरून पेणकर-रोहेकर अशी आडनावं लावणारे बेने इस्रायली मूळचे कोकणातले, तेलाचे घाणे चालवून शनिवारी सुट्टी घ्यायचे म्हणून ‘शनवार तेली’. रास्ता पेठेत त्यांचं वेगळं सिनेगॉग आहे, सुकाथ शेलोमो. १९४८ ला इस्रायल झाल्यावर दोन्हीकडची बरीच कुटुंबं देश सोडून गेली आणि एवढं मोठं देऊळ मोजक्या माणसांसाठी उरलं.

सुरक्षेमुळे आत सहज सोडत नाहीत, आधी परवानगी काढावी लागते आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. मनोरा मात्र समोरच्या फुटपाथवरून फुकटात दिसतो. संध्याकाळी चारनंतर जा, उन्हं तिरपी झाली की विटा अजून लाल दिसतात.