हळदीचा पिवळा नक्की कुणाचा? १९३१ च्या सरासरी डोळ्याची पार्श्वभूमी

सांगलीच्या सौद्यात हळदीचा नाहीतर बेदाण्याचा भाव रंगावर वरखाली होतो हे इथं कुणाला सांगायला नको. हल्ली परगावचा व्यापारी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवतो, मग माल पोचला की रंग वेगळाच आहे म्हणून फोन करतो. डोळ्याला दिसतं ते खरं का, हा वाद तसा फार जुना. न्यायदर्शनाचे पंडित आणि बौद्ध ‘प्रत्यक्ष’ कशाला म्हणायचं यावर शेकडो वर्षं भांडले, दोरी आणि साप सगळ्यांना पाठ आहे. ग्रीकांमधल्या एकानं तर रंग-चव हे नुसतं मानण्यावर, खरे फक्त अणू आणि पोकळी असं म्हणून टाकलं. पुढं १७०४ च्या प्रिझमवाल्या पुस्तकात किरणांना स्वतःचा रंग नसतो असं छापून आलं, १८०२ मध्ये डोळ्यात रंग टिपणारे तीनच प्रकारचे घटक असावेत अशी कल्पना निघाली. इथपर्यंत ठीक.

घोळ झाला तो १९३१ मध्ये, आणि माझ्या मते आजवरची निम्मी भांडणं तिथनंच आलीत.

तोवर रंग, काच, दिवे बनवणाऱ्या कारखान्यांना रंग आकड्यात सांगायची गरज पडलेली. १९२० च्या दशकात लंडन परिसरात दोन ठिकाणी वेगवेगळे प्रयोग झाले. माणसाला एका छोट्या भोकातून बघायला लावायचं, अर्ध्या भागात एक शुद्ध रंग, उरलेल्या अर्ध्यात लाल-हिरवा-निळा उजेड मिसळलेला, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत त्यानं मिश्रण कमीजास्त करत बसायचं. एका ठिकाणी १० जण, दुसऱ्या ठिकाणी ७. झाले १७. बघायची जागा २ अंश, म्हणजे हात लांब करून अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढी.

दोन्हीकडची यंत्रं वेगळी असून आकडे चांगले जुळले, हे मान्य करायला पाहिजे. पण काही रंग कितीही मिसळलं तरी जुळेनात, तेव्हा लाल उजेड पलीकडच्या बाजूला टाकून तो ‘उणे लाल’ धरला. हातानं हिशोब करायचे दिवस, उणे आकड्यांची कटकट नको म्हणून १९३१ च्या आंतरराष्ट्रीय बैठकीत एक्स, वाय, झेड असे तीन मूळ रंग ठरवले, जे कुठल्याच दिव्यातून निघत नाहीत आणि कुठल्याच डोळ्याला दिसत नाहीत. नुसती गणिताची सोय! आणि त्या १७ जणांच्या सरासरीला नाव दिलं ‘प्रमाण निरीक्षक’. असा माणूस जगात नाही, पण रंग मोजायचे तर त्याच्या डोळ्यानं.

चूकही निघाली. निळ्याकडच्या टोकाला डोळ्याची संवेदना कमी धरली गेलेली, १९५१ मध्ये दुरुस्ती सुचवली, १९६४ मध्ये बघायची जागा १० अंशांची धरून दुसरा निरीक्षक आला, तरी जुना काय हटला नाही. कारण तोवर सगळ्यांची मोजमापं त्याच्यावर बसलेली, कोण बदलणार. नंतर कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे रंगही त्याच्यावरच बेतले.

ह्यातनं जुन्या प्रश्नाला उत्तर मिळालं, पण कुणाला आवडेल असं नाही. उजेडात असंख्य तरंगलांब्या असतात, डोळा त्याचे तीनच आकडे करतो, बाकीचं टाकून देतो. त्यामुळं एकदम वेगळे दोन उजेड हुबेहूब एकच दिसू शकतात. मोबाईलवर हळदीचा फोटो बघा, तो पिवळा फक्त लाल आणि हिरव्या ठिपक्यांचा आहे, स्क्रीनमध्ये पिवळा ठिपकाच नसतो. साडीवर मॅचिंग ब्लाउज पीस घेताना बायका तो दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघतात ते ह्याच्यासाठीच, ट्यूबलाइटखाली जुळलेलं उन्हात फुटतं. (दुकानदार वैतागतो, पण शास्त्र बायकांच्या बाजूनं आहे.)

सरासरीत न बसणारे तर राहिलेच. रेल्वे भरतीच्या मेडिकलला रंगांधळेपणाच्या चाचणीत ठिपक्यांमधला आकडा न दिसल्यामुळं बाद झालेली पोरं मिरजेत विचारली तर सापडतील. त्यांना दिसतं ते खोटं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, फक्त सिग्नल बहुमताच्या डोळ्यासाठी रंगवलेत. कासच्या पठारावर मधमाशीला अतिनील दिसतो आणि लाल दिसत नाही, तिची सरासरी कुणी विचारत नाही. २०१५ मध्ये इंटरनेटवर गाजलेला तो निळा-काळा का पांढरा-सोनेरी ड्रेसचा फोटो आठवत असेल, तिथं तर दोन धडधाकट डोळ्यांचंच पटेना.

२००६ मध्ये नवीन आकडेवारी आली, डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या शंकूपेशींवरून काढलेली, २० ते ८० वय घालून हिशोब करता येतो, कारण वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा कमी पोचतो. म्हणजे सौद्यातला म्हातारा अडत्या आणि त्याचा नातू एकाच ढिगाकडं बघून वेगळं सांगतात ते उगीच नाही. छपाईवाले आणि स्क्रीनवाले मात्र अजून बहुतेक ठिकाणी १९३१ चंच कोष्टक वापरतात.