योएलच्या ग्रंथातील न्याय व पश्चात्ताप

हिब्रू बायबलमधील बारा ‘लघु’ संदेष्ट्यांत योएलचा क्रम दुसरा, होशेय आणि आमोस यांच्या मधला. लघु म्हणजे ग्रंथ आकाराने लहान, एवढेच. योएलचा ग्रंथ अवघ्या ७३ वचनांचा आहे. हिब्रू प्रतींत त्याचे चार अध्याय पडतात, बहुतेक ख्रिस्ती बायबलांत तीन. पथूएलचा मुलगा, यापलीकडे योएलची माहिती ग्रंथात नाही आणि कोणा राजाचे नावही येत नाही. यरुशलेमचे मंदिर मात्र चालू आहे, पुढारपण वडीलधाऱ्यांकडे व याजकांकडे, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांकडे, आहे आणि ग्रीकांचा उल्लेख ‘यवान’ या नावाने येतो (आपला ‘यवन’ याच गोतातला). त्यावरून बरेच अभ्यासक हा ग्रंथ बाबेलच्या बंदिवासानंतरचा (यहुद्यांना बाबेलला नेले गेले त्या काळानंतरचा), इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांतला मानतात. काही जण तो नवव्या शतकापर्यंत मागे नेतात.

ग्रंथाची सुरुवात टोळधाडीने होते. गाझाम, अर्बे, येलेक, हासील अशी टोळांची चार नावे ओळीने येतात आणि एकाने मागे ठेवलेले दुसरा फस्त करतो. ही किड्याच्या वाढीतली रूपे की वेगवेगळ्या जाती, यावर एकमत नाही. नुकसानीचे वर्णन मात्र डोळ्यांनी पाहिल्यासारखे आहे: अंजिराची साल सोलून निघाली आहे, फांद्या पांढऱ्या पडल्या आहेत, चारा नाही म्हणून गुरे हंबरत आहेत. १९१५ साली पॅलेस्टाईनमध्ये मोठी टोळधाड आली, तेव्हा यरुशलेममध्ये अंजिराच्या झाडाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे काढली गेली. ती पाहिली की हे वर्णन अतिशयोक्तीचे वाटत नाही. शोक करा, ही पहिली हाक योएल दारुड्यांना मारतो, कारण नवा द्राक्षारस त्यांच्या तोंडून गेला आहे. पुढे याजकांना, कारण मंदिरात अर्पायला धान्य नाही आणि द्राक्षारसही नाही.

दुसऱ्या अध्यायात टोळांचेच सैन्य बनते. ते तटावर चढते, चोरासारखे खिडक्यांतून आत शिरते. मराठीने ‘धाड’ या शब्दात जे एका दमात सांगितले आहे, ते योएल अध्यायभर रंगवतो. धक्का पुढे आहे. या सैन्याच्या अग्रभागी स्वतः परमेश्वर आहे. ‘परमेश्वराचा दिवस’ हा शब्दप्रयोग ग्रंथात पाच वेळा येतो आणि इथे तरी तो स्वतःच्याच नगरावर कोसळणारा न्यायाचा दिवस आहे.

पण अपराध कोणता? आमोस गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्यांवर बोट ठेवतो, होशेय बआल या कनानी देवाच्या पूजेवर. योएल एकाही पापाचे नाव घेत नाही. काही भाष्यकार ही जागा आपल्या अंदाजाने भरून काढतात. ती रिकामी राहू देणेच ग्रंथाला धरून आहे. योएलच्या पश्चात्तापाचा भर चुकांच्या कबुलीवर नसून ‘शूव’ या क्रियापदावर आहे: वळणे, माघारी येणे. उपास, आक्रोश हे सारे त्याला हवेच आहे. शिंग फुंकून सगळ्यांना जमवा, अंगावर पिणारी मुले आणा, नवरानवरीनेही आपली खोली सोडून यावे, असे तो सांगतो. शोकात अंगावरचे वस्त्र फाडण्याची रीत होती. योएल म्हणतो, वस्त्रे नकोत, हृदये फाडा. हिब्रूत हृदय हे भावनेइतकेच विचाराचे आणि निर्णयाचेही ठिकाण असते, तेव्हा हे केवळ हळवे आवाहन नव्हे.

परमेश्वर कृपाळू, मंदक्रोध आहे, हे बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या ३४व्या अध्यायातले शब्द योएल आधाराला घेतो. तरी हमी देत नाही. ‘कोण जाणे, तोही वळेल’, एवढेच. इथे देवासाठीही तेच ‘शूव’ वापरले आहे. योनाच्या ग्रंथात निनवे या अश्शूरी नगराचा राजा जवळजवळ याच शब्दांत आशा धरतो. लोक खरोखर जमले का, रडले का, हे योएल सांगत नाही. पुढच्याच वचनांत परमेश्वराला दया येते आणि टोळांनी खाल्लेली वर्षे भरून देण्याचे वचन मिळते.

शेवटच्या भागात न्यायाचा रोख राष्ट्रांकडे वळतो. जागा यहोशाफाटचे खोरे. नावाचा अर्थच ‘परमेश्वराने न्याय केला’. आणि येथे गुन्हे मात्र नावानिशी येतात: सोर व सीदोन ही किनाऱ्यावरची नगरे आणि पलिष्टी प्रदेश यांनी यहूदाची, म्हणजे यरुशलेमभोवतालच्या प्रदेशाची, माणसे यवनांना विकली, कोणी द्राक्षारसासाठी मुलगी दिली. यशया आणि मीखा यांच्या ग्रंथांत तलवारींचे नांगराचे फाळ होतात. योएल फाळांच्या तलवारी करायला सांगतो.

यहुदी नववर्ष आणि योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांच्यामधल्या शनिवारी, ‘शब्बात शुवा’ला, अनेक अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या) सभास्थानांत होशेयच्या जोडीने योएलचा उतारा वाचतात. कॅथलिक उपासनेत योएलच्या दुसऱ्या अध्यायातला उतारा राखेच्या बुधवारचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाचे, पहिले वाचन आहे. वसईत आणि गोव्यातही त्या दिवशी आधी ‘हृदये फाडा’ हे वचन ऐकू येते आणि मग कपाळाला राख लागते.