रेडिएटरमधला थर आणि व्हिनेगरची ताकद

जुनी गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते, पण अनमोड किंवा चोर्ला घाटाचा चढ लागला की तापमानाचा काटा लालकडे सरकतो. असं होत असेल तर रेडिएटरच्या नळ्या आतून थराने तुंबल्याचा संशय घ्यावा; थर चुन्याचा असेल तर तो व्हिनेगरने विरघळतो. चढावर ठीक आणि मडगावच्या गर्दीत उभी राहिली की तापते, तर आधी पंखा तपासावा. तिथे व्हिनेगर काही करणार नाही.

व्हिनेगर ओतण्याआधी आत काय साचलंय ते बघावं. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढून गळ्याच्या आतला थर खरवडायचा, बशीत घ्यायचा आणि त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकायचे. फसफसला तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचा थर. फसफसला नाही आणि रंग विटकरी असेल तर गंज. झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखी चिकट साय दिसली तर पाण्यात तेल मिसळतंय; हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधली सील) बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गोव्यात ही परीक्षा टाळू नये. जांभ्यातून झिरपून येणारं विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, त्यात चुना कमी. खाजन शेतांलगतच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांलगतच्या) विहिरींत खारटपणा उतरतो आणि त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. म्हणून वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी भरलेल्या गाडीत चुन्यापेक्षा गंजच जास्त सापडण्याची शक्यता असते. गंजावर व्हिनेगर फार हळू चालतं. त्यासाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, बरं. ते लोहाला धरून पाण्यात ठेवतं. लिटरमागे २५ ग्रॅम पुरे.

चुन्याचं गणित सरळ आहे. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला १२० ग्रॅम ॲसेटिक ॲसिड लागतं. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरात ते ४ टक्के धरलं, तर एका लिटरमध्ये ४० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ३३ ग्रॅम थर निघणार. पांढरं सिंथेटिक व्हिनेगरच घ्यावं. माडाच्या सुरेचं व्हिनेगर विंदालूसाठी राखावं: महाग पडतं आणि त्याचा साका नव्या घाणीत भर घालतो.

छोट्या गाडीत सुमारे चार लिटर पाणी मावतं असं धरू. जुनं कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं द्रव) रेडिएटरच्या तळाच्या तोटीतून पसरट भांड्यात काढावं. तोटी जाम असेल तर पिळत बसू नये, खालच्या होजचा (रबरी नळीचा) क्लिप सैल करावा. ते कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवावं. मग साध्या पाण्याने एकदा धुऊन एक लिटर व्हिनेगर आणि तीन लिटर पाणी भरावं. हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर हवा. गोव्यात हीटर कुणी लावत नाही, त्यामुळे त्याच्या छोट्या रेडिएटरमध्ये गाळ तसाच बसून राहतो.

इंजिन चालू करून वरचा होज तापेपर्यंत थांबावं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ अंशांना उघडतो. तोवर द्रावण रेडिएटरमधून फिरतच नाही. नंतर दहा-पंधरा मिनिटं चालवावं, बंद करावं, कोमट झाल्यावर काढून टाकावं. रात्रभर ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा आम्लात विरघळतो आणि जुन्या पितळी रेडिएटरच्या जोडांतलं शिसंही सुटू लागतं. थर जाड असेल तर ताजं द्रावण पुन्हा एकदा फिरवावं.

इंजिनच्या ब्लॉकमधलं सगळं द्रावण कधीच निघत नाही, म्हणून स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवावं. दर वेळी इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवावं, गार झाल्यावरच पाणी काढावं. त्यातल्या एका पाण्यात चमचाभर खायचा सोडा चालतो, पण व्हिनेगर आत असताना कधीच नाही. बंद यंत्रणेत वायूचा दाब वाढतो. शेवटचं पाणी डिस्टिल्ड हवं. सुटलेले पापुद्रे नळ्यांत अडकू नयेत म्हणून रेडिएटर सुटा करून पाणी उलटं, खालून वर सोडलं तर उत्तम.

धुतल्यावर गळती सुरू झाली तर व्हिनेगरने भोक पाडलं असं लगेच म्हणू नये. बहुतेकदा भोक आधीच असतं, थराने ते बुजवलेलं असतं. वॉटर पंपाखालचं छोटं छिद्र आणि होजची टोकं पहिल्यांदा बघावीत. काटा पूर्वीसारखाच चढत असेल तर थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा गॅरेजमधला उपाय करू नये. तसं इंजिन गरजेपेक्षा गार चालतं आणि जास्त पेट्रोल पितं. बाहेरच्या जाळीत लाल धूळ बसली असेल किंवा खाऱ्या वाऱ्याने पत्र्या झडल्या असतील, तर आतून कितीही धुतलं तरी फरक पडणार नाही.

काढलेलं द्रावण अंगणात ओतू नका. त्यात तांबं, शिसं आणि जुनं कूलंट असतं, जांभा सच्छिद्र असतो आणि विहीर चार पावलांवर असते. कॅनमध्ये भरून टाकाऊ रसायनं घेणाऱ्याकडे द्यावं.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं. इथे पाणी गोठत नाही, पण गंजरोधक द्रव्यं कूलंटमधूनच मिळतात. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर झाकण नवं घ्यावं: ०.९ किलोचं झाकण (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढा दाब धरणारं) दाब धरून साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळू देत नाही. शेवटी गाडीचं तोंड चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करावं आणि वरचा होज दाबत राहावं. बुडबुडे थांबले, पातळी स्थिरावली की झाकण लावावं.